पाटलांची लाल मोटार

शेळगावच्या रंगराव पाटलांना हळू बोलता येत नसे. बारामतीत आमच्या दवाखान्याच्या पायरीशी त्यांनी पायताण काढलं, की बाकावर कण्हत बसलेला पेशंटसुद्धा क्षणभर कण्हायचा थांबे. "डॉक्टर हायेत का?" हे ते अशा आवाजात विचारत, की डॉक्टर पार कालव्यापलीकडे व्हिजिटला गेले असले तरी त्यांना ऐकू जावं. बरं, पाटलांना स्वतःला काही झालेलं नसे. प्रकृती ठणठणीत. त्यांच्या गड्याच्या डोक्यावरची पाटी आधी आत येई आणि मागून पाटील. पाटीत वांगी, पेरू, कधी केळीचा घड. मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. पाटी ठेवायला औषधांच्या टेबलाशिवाय जागा नाही, त्यामुळे माझ्या बाटल्या सरकवून वांगी बसत. मी मनातल्या मनात चरफडत असे. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, आता तर विचारू नका.

डॉक्टर साताऱ्याकडचे. बारामतीत नवे आले तेव्हा त्यांच्या दवाखान्यात माशा मारायला मी आणि ते, असे दोघंच असू. पाटलांनी पहिला पेशंट आणून घातला आणि मग शेळगावपासून पिंपळीपर्यंत सांगत सुटले, की औषध घ्यायचं तर ह्याच डॉक्टराचं. डॉक्टरांचा जम बसला. ते उपकार डॉक्टर कधी बोलून दाखवत नसत, पण विसरतही नसत.

एकोणीसशे साठ उजाडायला दोनेक वर्षं असतील. डॉक्टरांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्यानं विलायतेहून एक खोकं आणलं. त्यात टीचभर लांबीच्या दोन मोटारी होत्या, एक लाल आणि एक हिरवी. सोबत काळ्या रबराचा रस्ता, त्यात शेजारी शेजारी दोन खाचा. मोटारीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसवायची, वायरीला जोडलेलं बटण हातात धरायचं, आणि दाबलं की मोटार खाचेतून पळायची. जास्त दाबलं की जास्त पळायची. वळण आलं की मात्र अंगठा सैल सोडायला हवा. नाही सोडला तर मोटार खाचेतून उसळून थेट भिंतीवर. एवढाच खेळ. पण भल्या भल्या शहाण्या माणसांनी त्याच्यापायी जेवणाची वेळ विसरावी, असं काहीतरी त्यात होतं खरं.

खोक्यातल्या बॅटऱ्या आठवड्यात संपल्या. मग नाना मिस्त्री मदतीला आले. नाना ऑइल इंजिनं दुरुस्त करत. मूळचे तेही शेळगावचे, सुताराच्या घरातले. वडील आरे बसवून बैलगाड्यांची चाकं भरत, मुलगा बारामतीत येऊन इंजिनाला लागला. नानांनी लॉरीची बॅटरी आणून वायरी जोडल्या आणि फळ्यांना खाचा पाडून रस्ताही दुपटीनं वाढवला. दवाखान्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी शर्यत सुरू झाली. खेळणारे तिघं: डॉक्टर, नाना आणि पाटील. मी फेऱ्या मोजायचो आणि उसळलेली मोटार उचलून परत खाचेत ठेवायचो. खेळायला मला कुणी म्हटलं नाही, आणि मीही हौस दाखवली नाही.

पाटलांनी पहिल्याच दिवशी लाल मोटार आपली म्हणून टाकली आणि तिचं नाव लाल्या ठेवलं. हिरवीवर कुणी बसो, लाल्या पाटलांचा. खेळताना ते मांडी घालून बसत आणि बटण दाबलं की सगळं अंगच पुढं झुके. फेटा कपाळावर येई. "हुर्र! चल माझ्या वाघा! चल, चल!" खालच्या गल्लीतून जाणारी माणसं वर बघत. तरुणपणी पाटील जत्रेतल्या शर्यतीत स्वतः छकडा हाकत, आणि त्यांची जोडी वर्षानुवर्षं पहिली येई. फेटा मानाचा त्यांनाच. ती सवय अंगात मुरलेली. वळण आलं तरी अंगठा ढिला करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "धरलं की सोडायचं न्हाय," असं ते नेहमी म्हणत. शेतीत म्हणत, भावकीच्या भांडणात म्हणत आणि इथंही म्हणत. त्यामुळे लाल्या दर दुसऱ्या वळणाला भिंतीवर आपटायचा आणि मी तो उचलायला गुडघ्यांवर रांगत जायचो.

आणि तरी पाटील जिंकत.

मला वाटे, पाटलांच्या आवाजानं डॉक्टर बिचकत असावेत. हा माणूस तान्ह्या पोराच्या कपाळावर टाका घालताना हात हलू देत नसे. पण पाटील समोर असले, की शेवटच्या फेरीत हिरवी मोटार हमखास उसळायची. नानांचंही तेच. नाना तर बोटांनी इंजिनाची नाडी बघणारा माणूस. "आज हात जुळंना बगा आबा," असं म्हणून ते बटण खाली ठेवत. पाटलांच्या अंगावर मूठभर मांस चढे. ते लाल्याला पंच्यानं पुसत आणि डॉक्टरांना समजावून सांगत, "तुमचं चुकतंय कुठं सांगू का? तुमी भिताय. बोटात ताकद पायजे."

त्या हिवाळ्यात पाटलांनी आम्हाला शेळगावला हुरड्याला बोलावलं. अर्धं गाव जमलं होतं. पाटलांनी लाल्या बारामतीहून उसना मागून नेला होता आणि मळ्यातल्या घराच्या ओट्यावर रुमाल पसरून त्यावर मांडून ठेवला होता. येणारा जाणारा वाकून बघत होता. "डॉक्टरासारखा डॉक्टर हरिवला ह्यानं," पाटील सांगत होते. हुरडा खाता खाता ज्वारीच्या धांड्याचा तुकडा हातात घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर डॉक्टरांना बटण कसं धरायचं ते शिकवलं. डॉक्टर मान डोलावत होते, "हो का? असं होय!" असं म्हणत होते. पाटलीणबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवऱ्याचं कौतुक म्हणून हसत होत्या, की आणखी कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग उन्हाळ्यात डॉक्टरांची बहीण कुसुमताई माहेरपणाला आली. बाई मोठी चुणचुणीत. एका रविवारी ऐन खेळाच्या वेळी डॉक्टरांना बाळंतपणाचं बोलावणं आलं आणि ते गेले. हिरवीचं बटण कुसुमताईंनी उचललं.

"पाटीलकाका, मी खेळू?"

"खेळ की पोरी. पर रडायचं न्हाय हां मागनं."

पहिली शर्यत कुसुमताईंनी जिंकली. पाटील गडगडाटी हसले. म्हणाले, "नवशिकं नशीब हाय, घे." दुसरीही त्यांनीच जिंकली. तेव्हा पाटील जरा सावरून बसले आणि फेटा मागं सारला. तिसऱ्या शर्यतीत लाल्या पहिल्याच वळणाला उसळला. मी तो खाचेत ठेवेपर्यंत हिरवी फेरीभर पुढं गेली होती.

"काका, अहो वळणावर सोडत का नाही तुम्ही?" ताई खेळता खेळताच म्हणाल्या.

नाना मघापासून अस्वस्थ झाले होते. आधी ते खाकरले, मग त्यांनी डोळ्यांनी खुणावून पाहिलं. शेवटी ताईंच्या कानाशी वाकून कुजबुजले. पण पाटलांच्या संगतीत राहून नानांचंही कुजबुजणं माडीभर ऐकू जाई. "ताई, जरा दमानं. पाटलांची गाडी म्होरं जाऊ द्यायची असती."

"असती म्हणजे?" ताईंनी बटण सोडून मान वळवली. "म्हणजे दादासुद्धा मुद्दाम हरतो की काय?"

नाही म्हणायला कुणीतरी हवं होतं. नाना खाली बघू लागले. मी नानांकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाटलांचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला होता. लाल्या वळणावर उसळला आणि टेबलाच्या पायावर जाऊन आपटला. तो उचलायला मी उठलो नाही.

"नाना," पाटील म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "किती दिस चाललंय ह्ये?"

"आबा, तसं न्हाय..."

"तुला कुणी सांगितलं हुतं का रं, हरायचं म्हणून? डाक्टरांनी?"

"कुणी न्हाय आबा." नानांना खोटं सुचेना. "सांगाय कशाला पायजे? आमचा बा तुमच्या वाड्यावर चाकं भरायचा. तुमच्या म्होरं जायाचं, ह्ये मनातच येत न्हाय."

पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते रागावले असते तर आम्ही सगळे सुटलो असतो. पण ते रागावले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला तर तो तसाच हातात धरून बसले. मग एकदम म्हणाले, "हुरड्याला डाक्टर मान डोलवत हुतं. अन् मी शिकवत हुतो. साऱ्या गावाम्होरं." हे ते कुणाला उद्देशून बोलले नाहीत. कुसुमताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटलांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी डॉक्टर परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आनंद," एवढंच ते म्हणाले. त्यांना स्वतःची किती लाज वाटली, ते त्यांच्या जेवणावरून कळत होतं. ताट तसंच बाजूला सारलं होतं.

त्यानंतर बरेच रविवार पाटील आले नाहीत. वांगीही आली नाहीत. टेबल मोकळं झालं, तरी मला बरं वाटेना. एरवी गल्लीभर ऐकू येणारा माणूस असा कानकोंडा झालेला सोसवत नाही. नाना दोनदा शेळगावला जाऊन आले. दोन्ही खेपेला पाटलीणबाईंनी सांगितलं, मळ्यात गेलेत.

आणि पावसाळा सरल्यावर एक दिवस पाटील दवाखान्यात आले. पायताण काढल्याचा आवाजही झाला नाही. मी मान वर केली तर बाकावर पेशंटांच्या ओळीत बसलेले.

"कंपौंडर, रविवारी मोकळा हायस का? डाळजला जायाचं हाय माझ्यासंगं."

"डॉक्टरांना सांगू का?"

"नगं. तूच चल. तू कवा माझ्यासंगं खेळला न्हाईस. म्हणून तू."

एस.टी.नं आम्ही भिगवणला उतरलो आणि तिथून पायी निघालो. ऊन बेताचं होतं, दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं होती. पाटील मध्येच थांबत आणि एखादी जुनी गोष्ट काढत. शाळेत मास्तरांनी त्यांना कधी छडी मारली नव्हती. "मला वाटायचं, मी हुशार हाय." तालमीत त्यांना कुणी चीतपट केलं नव्हतं. "मला वाटायचं, अंगात जोर हाय." असं एकेक सांगत, स्वतःशीच मान हलवत ते चालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. कुणी आपला सगळा संसार रस्त्यात मांडून त्यातली एकेक वस्तू खोटी म्हणून फेकून द्यावी, तसं ते चाललं होतं.

"पर छकडा," ते म्हणाले. "छकडा खरा असंल. बैलं कुणाचं ऐकत न्हाईत. त्येवढं एक यशवंताला इचारायचं हाय."

यशवंता म्हणजे जत्रेच्या शर्यतीत दर वर्षी पाटलांच्या मागून दुसरा येणारा गडी. आता म्हातारा झाला होता. अंगणात बाज टाकून बसला होता. पाटलांना बघून तो उठला, बाज झटकली, बायकोला चहा टाकायला सांगितला. जमिनीवर बसू लागला तेव्हा पाटलांनी हात धरून त्याला शेजारी बसवलं. तो अवघडून टोकावर टेकला. चहा होईपर्यंत पाऊसपाण्याचं बोलणं झालं. कपबशी खाली ठेवून पाटलांनी विचारलं,

"यशवंता, एक खरं सांग. माझी बैलं खरंच म्होरं पळायची का रं?"

यशवंतानं आधी माझ्याकडे बघितलं, मग पाटलांकडे. आणि तो मोकळं हसला. "असं काय इचारताय आबा! बैलास्नी कुठं कळतंय पाटील कोण अन् यशवंता कोण!"

पाटलांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा झाला. "तेच म्हणतो मी! बैलास्नी काय कळतंय! कंपौंडर, ऐकलंस का?"

यशवंताची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कपबश्या उचलायला ती पुढं आली आणि खाली वाकूनच म्हणाली, "बैलास्नी न्हाय कळत. पर कासरा ह्यांच्या हातात असायचा."

"गप ए!" यशवंता ओरडला.

"का गप? घरी येऊन रडायचा ह्यो माणूस. आमच्या हरण्या बैलाच्या गळ्यात पडून म्हणायचा, तुझं पाय बांधलं रं मी. आता आबा आपल्या पायानं इचारायला आल्यात तर सांगू नगं व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता. जुनं दुखणं सांगावं तसं ती सांगत होती.

पाटील उठले. त्यांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी काढला आणि यशवंताच्या डोक्यावर ठेवायला गेले. यशवंता मागं मागं सरकत भिंतीला जाऊन टेकला. त्यानं हात जोडले. "आबा, पाया पडतो, आसं करू नगा. कुणी बघितलं तर मला गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय."

"तुझा हाय ह्यो."

"आता घिऊन काय करायचं?" बायकोच म्हणाली. "हरण्या तर ग्येला."

फेटा हातात धरून पाटील अंगणाच्या मधोमध उभे राहिले. त्यांना तो परत डोक्यावर ठेवता येईना आणि खाली टाकताही येईना. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच बघत होतो. आजवर त्यांना लाज वाटत होती ती आपण फसवले गेलो याची. आता ती दुसऱ्याचं घेतल्याची झाली, आणि ती कुठं परत करता येत नव्हती. परतीच्या सगळ्या वाटेत फेटा त्यांनी घडी करून काखेत धरला होता.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण पोटात राहिना. डॉक्टर स्वतः शेळगावला गेले, पाटलांसमोर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "एकदा या. एक शर्यत खरी खेळू. मी हात राखणार नाही, नानाही राखणार नाही." पाटील नाही नाही म्हणत होते. शेवटी पाटलीणबाई मध्ये पडल्या. "जावा. हरून तरी या," असं त्यांनी म्हटल्यावर तयार झाले.

त्या रविवारी पाटील आले ते साधी टोपी घालून. लाल्यावर त्यांनी हक्क सांगितला नाही. "कंचीबी द्या," म्हणाले. लाल त्यांच्या वाट्याला आली ती डॉक्टरांनी हिरवी उचलली म्हणून. नाना दाराशी उभे राहिले. मी खाली फळीशी बसलो.

शर्यत सुरू झाली तरी पाटील ओरडले नाहीत. आणि पहिल्या वळणाला मी हात पुढं केला तर लाल मोटार उसळलीच नाही. त्यांनी अंगठा सैल सोडला होता. पुढच्या वळणालाही सोडला. कुसुमताईंनी खेळता खेळता सांगितलेलं त्यांनी कधी, कुठं बसून मनाशी घोकलं होतं, देव जाणे. माणूस बटणाकडे बघतच नव्हता, वळणाकडे बघत होता. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं आणि ते पुढं सरकून बसले. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला. कपाळावर घामाचे थेंब आले. मी त्यांना ऑपरेशन करताना पाहिलं आहे, तेव्हाही ते इतके गंभीर नसत. हिरवी एकदाही उसळली नाही. दोन्ही मोटारी जवळजवळ बरोबरीनं पळत होत्या. आणि शेवटच्या वळणातून लाल मोटार हातभर पुढं निघाली आणि पहिली आली.

नानांनी जोरात टाळी वाजवली. डॉक्टर चिडलेच! हातातलं बटण खाली आदळून ते म्हणाले, "छे! पाटील, मी आज जीव तोडून खेळलो हो! खरंच सांगतो!"

पाटलांनी डॉक्टरांकडे बघितलं. मग त्यांनी हलकेच डॉक्टरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "डाक्टर," ते म्हणाले, "तुमी लई चांगलं माणूस हाय."

नाना दाराशी चुळबुळत म्हणाले, "आबा, ह्या खेपंला तसं न्हाय," आणि पाटलांनी त्यांच्याकडे बघून तसंच मायेनं हसून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा होती, की मला वर बघवेना.

"कंपौंडर. फेऱ्या तू मोजल्यास न्हवं?"

"होय."

"मग तू सांग."

"तुम्ही जिंकलात, आबा. खरंखुरं जिंकलात."

ते माझ्याकडे बघत राहिले. एवढ्यानं भागत नाही हे मला दिसत होतं. आमच्या म्हातारीवर माझा किती जीव ते त्यांना ठाऊक होतं. मी गळ्याला चिमटा घेतला आणि म्हणालो, "आईशप्पथ, आबा."

पाटलांची नजर खाली गेली. त्यांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, टोपी सारखी केली आणि जाता जाता माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "माझ्यापायी आईची खोटी शपथ घेऊ नगंस, लेका."

जिना उतरताना त्यांच्या पायांचा आवाज आला नाही. मी खिडकीशी गेलो. पाटील रस्त्याच्या कडेकडेनं एस.टी. स्टँडकडे चालले होते, समोरून येणाऱ्या बैलगाडीला वाट देण्यासाठी बाजूला सरून उभे राहिले होते. गाडीवान ओळखीचा असावा. त्यानं पाटलांना बघून घाईघाईनं कासरा ओढला, गाडी थांबवली आणि हात जोडले. पाटील त्याला हातानं खुणावत होते, की तू जा, तू आधी जा. तो काही हलेना. बराच वेळ दोघं तसेच उभे होते. शेवटी पाटीलच पुढं गेले.